पान दोनशे बारावरची मुलगी

फोनवरच्या मुलीनं आधी वाईट वाटत असल्याचं सांगितलं, मग स्वतःचं नाव फिलिपा असल्याचं सांगितलं, आणि मग ज्या मयताबद्दल तिला वाईट वाटत होतं त्या मयताचं नाव सांगितलं. ते मोएरोआचं स्वतःचं होतं. मोएरोआ तेव्हा मांगेरे ह्या शहरी वस्तीतल्या आपल्या घरी ओट्याशी उभी राहून तारोच्या कंदाची साल काढत होती. सुरी तिनं थांबवली नाही. पंचाहत्तर वर्षांच्या बाईच्या हाताला एवढ्या तेवढ्यानं थांबायची सवय नसते. "मोएरोआ, अराईतीची मुलगी," फिलिपा वाचून दाखवत होती, काचेचं भांडं टेबलावर ठेवावं तसा एकेक शब्द जपून ठेवत. "वय अंदाजे आठ. बेट मोतुहावा. साल एकोणीसशे बावन्न. आमच्या विद्यापीठाच्या संग्रहात तिच्या विलापगीताची फीत आहे. जुनी होती, आता साफ करून ऐकण्याजोगी केलीय. अशा गोष्टी आम्ही ज्यांच्या त्यांच्या घरच्यांना परत देतो. तुमचं आडनाव जुळलं म्हणून फोन केला. तुम्ही तिच्या कोण?"

"मीच ती."

"म्हणजे तिचं नाव तुम्हाला ठेवलंय?"

"नाही गं. मीच. मेले नाही अजून."

फिलिपा म्हणाली, "मला फार वाईट वाटतं," आणि आपण काय बोललो ते लगेच तिच्या लक्षात आलं.

"असू दे," मोएरोआ म्हणाली. "तुझी चूक नाही. पुस्तकात मी मेलेलीच आहे."

फोन ठेवल्यावर तिनं उरलेले दोन कंद सोलले, पाण्यात टाकले, आणि मग खुर्चीवर बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण दोन्ही हात कानांवर ठेवलेत. तळहातांच्या आत समुद्र वाजत होता. तो समुद्र नसतो, आपलंच रक्त असतं, असं इस्पितळाच्या धोबीखान्यात तिच्याबरोबर तीस वर्षं चादरी दाबणाऱ्या एका बाईनं तिला सांगितलं होतं. मोएरोआनं मान डोलावली होती आणि विश्वास ठेवला नव्हता. तो आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती चटईवर उताणी पडली होती, डोक्याशी आई बसली होती, आणि आईचे खोबरेल लावलेले तळहात तिच्या कानांवर घट्ट होते. समोर बाबा गात होता. तोंड हलताना दिसत होतं, गळ्याची शीर दिसत होती, भोवतीच्या बायका खरोखरीच्या रडत होत्या, नाकं पुसत होत्या. ऐकू मात्र फक्त हा समुद्र येत होता. गाणं तिचं होतं आणि ते सबंध बेटानं ऐकलं. एक तिला सोडून.

त्याचं कारण लोपाऊ, गाणी नि चालीरीती टिपून घ्यायला बेटावर आलेला परदेशी अभ्यासक. खरं नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं, ते कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून लोपाऊ. माणूस चांगला होता. तापाच्या गोळ्या फुकट वाटायचा, लहान मुलांशीसुद्धा वाकून बोलायचा, आणि जाताना किनाऱ्यावर असा रडला की म्हाताऱ्या बायकांनी त्याला शाबासकी दिली. पण त्याला हवं होतं ते बेट तो बोटीतून उतरायच्या आधीच बरोबर घेऊन आला होता, आणि मोतुहावाच्या लोकांचं काम एवढंच होतं की त्या बेटाला कुठं धक्का लागू द्यायचा नाही. पाद्र्याच्या बायकोचं शिवणयंत्र फोटोत येतंय म्हटल्यावर ते उचलून माडाआड ठेवलं गेलं. बिस्किटांचे डबे झाकले. पुरुषांनी सदरे काढले आणि थंडीनं शिंकत मासे मारून दाखवले, तेही अशा वेळी जेव्हा मासे मिळत नाहीत हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. फसवायचं कुणाच्या मनात नव्हतं. पाहुण्याला जे हवं ते नाही म्हणू नये, एवढंच. पाहुणा मागेल ते द्यायचं. नसेल तर करून द्यायचं.

आणि एक दिवस लोपाऊनं मूल मेल्यावरचं विलापगीत मागितलं.

आता पंचाईत झाली. मोतुहावावर माणसागणिक एक गाणं. मेल्यावर जवळचा माणूस ते रचतो, एकदा गातो, संपलं. ते पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत गायचं तर पुन्हा पाच दिवसांचं सुतक धरावं लागतं, पुन्हा गावजेवणाची भट्टी लावावी लागते, आणि ज्या आईनं कसंबसं आपलं दुःख गुंडाळून माळ्यावर टाकलेलं असतं तिला ते पुन्हा खाली काढावं लागतं. हे कुठल्या घराला सांगणार? त्या साली कुणाचं मूलही गेलं नव्हतं. वर्ष चांगलं होतं. गाणी रचणाऱ्यांत अराईती पहिला. तो दोन दिवस होडीच्या सावलीत बसून राहिला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मोएरोआच्या आईला म्हणाला, "आपली पोरगी दे."

"कशाला?"

"चटईवर कुणीतरी लागेल. बायका रिकाम्या चटईपुढं रडणार नाहीत."

आईनं मोएरोआला न्हाऊ घातलं. फक्त एवढं म्हणाली की पोरीच्या कानांवर माझे हात राहतील, मग तुम्ही काय वाटेल ते गा. स्वतःचं गाणं ज्यानं ऐकलं त्याला इथं रेंगाळायचं कारण उरत नाही, हे सगळेच मानत. लोपाऊनंही ते वहीत लिहून घेतलं, पण कानांवरच्या हातांकडं पाहून त्यानं लिहिलं ते असं की मेलेल्याचे कान झाकण्याची इथं प्रथा आहे. पुढं त्यावर कुणीतरी प्रबंधसुद्धा लिहिला.

मोएरोआला त्या सकाळचं सगळं आठवत होतं आणि काहीच आठवत नव्हतं. चटईची काडी पाठीला टोचत होती. लोपाऊच्या यंत्राची दोन चाकं फिरत होती. तिच्या गुडघ्यावर एक माशी येऊन बसली होती आणि मेलेल्या माणसानं माशीचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाबा गाताना तिच्याकडे पाहत नव्हता. मध्ये एकदाच पाहिलं, तेही गात गातच, आणि तेव्हा त्याचं तोंड नेहमीसारखं दिसलं, म्हणजे संध्याकाळी घरी आल्यावर पाणी मागतो तसं. ते पाहणं तिनं पुढची सदुसष्ट वर्षं जपलं, वेगवेगळ्या उजेडात धरून पाहिलं. कारण अराईती हा बोलणारा माणूस नव्हता. दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी तो इतकं गोड गायचा की दगडाला पाझर फुटावा, आणि घरच्या जित्या माणसांना म्हणायचा, "सरक." होडीत बसव म्हणून ती त्याच्या मागं लागे. खाडीपर्यंतच ने, खडकांच्या खिंडीपर्यंतच ने. तो होडी ढकलता ढकलता म्हणायचा, "पोरींच्या वजनानं मासे खाली जातात." एवढंच. ती काठावर उभी राहून बघायची, आणि होडी बोटाच्या नखाएवढी होईपर्यंत तिथंच असायची. आपल्याबद्दल ह्या माणसाला काय वाटतं हे जाणून घ्यायची एकच संधी तिला आयुष्यात मिळाली होती, आणि त्या वेळी तिच्या कानांवर आईचे हात होते.

गाणं झाल्यावर घोळ झालाच. मासळीचे वाटे डोईगणिक पडत, आणि नावं पुकारायचं काम तिमोतीकाकाकडं. मोएरोआचं नाव आलं तसा तो थांबला. गायली गेलेली मुलगी मोजायची की नाही? सुतकाचे पाच दिवस मयताचा वाटा घराच्या खांबाला टांगतात, तसा तिचा टांगला. तिसऱ्या दिवशी तिनं भूक लागली म्हणून तो काढून खाल्ला. वडीलमंडळी बसली. अर्धा दिवस काथ्याकूट झाला, मग तिमोतीकाका म्हणाला, "खाते आहे ना? मग मोजा." असा निकाल लागला. पण नाव पडायचं ते पडलंच. पोरं तिला 'रडून झालेली' म्हणत. लग्नात नवऱ्याच्या भावांनी थट्टा केली की बायको बघून आणलीस रे, हिला तू मारू शकत नाहीस. नवराही हसायचा, आणि कधी भांडण झालं की म्हणायचा, "तुझ्यापुढं काय बोलणार, तू आधीच गेलेली." तो गेला तेव्हा मांगेरेच्या चर्चमध्ये भजनं झाली, गाणं नाही. रचणारं कुणी उरलंच नव्हतं. बाबा गेला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, बेट सोडून इथं मांगेरेत चादरी दाबत होती. बोट वर्षातून तीनदा जायची, आणि बातमी आली ती चार महिने शिळी होऊन. त्याचं गाणं कुणी गायलं, काय गायलं, तेही तिनं ऐकलं नाही. हिशेब केला तर तिच्या वाट्याची दोन गाणी होती आणि दोन्ही दुसऱ्यांनी ऐकली.

रविवारी जेवायला सगळे आले तेव्हा तिनं फोनचं सांगितलं. सोलोमोना, तिचा थोरला, डबाबंद गोमांसात कांदा परतत होता. तो एकदम खूश झाला.

"आई, म्हणजे आजोबांचा आवाज? खराखुरा? मग ठरलंच की. तुझ्या मयताला तेच लावायचं. मोठे स्पीकर आणू. अख्ख्या मांगेरेत कुणाला असं मयत मिळालं नसेल."

"मिळेल की. तुला घाई आहे का?"

"तसं नाही गं."

येलेमिया, तिचा चुलतभाऊ, चर्चचा डीकन, हात धुऊन बसला होता. देवाचं नाव घेतल्याशिवाय तो घास उचलत नसे आणि जुन्या समजुती सोडल्याशिवाय देवाचं नाव घेत नसे, असं तो सांगायचा. "ताई, फीत घरात आण, पण तू ऐकायची नाही," तो म्हणाला. "तुझ्या आईनं हात ठेवले होते ते उगाच नाही."

"तू तर ह्या गोष्टी मानत नाहीस."

"मी मानत नाही. पण तू ऐकू नकोस."

"तू ऐकलंयस ना, येलेमिया? तू होतास तिथं. काय होतं त्यात?"

त्यानं ताटाकडे पाहिलं. "मी पाच वर्षांचा होतो. सगळे रडले म्हणून मी रडलो."

"खोटं बोलतोस. डीकन असून."

"चांगलं होतं," येलेमिया म्हणाला. "होडी होती त्यात." आणि मग त्यानं इतक्या लांबलचक प्रार्थनेला सुरुवात केली की कांदा करपला.

वाईआना, सोलोमोनाची मुलगी, कॉलेजात शिकत होती आणि लोपाऊचं पुस्तक तिथं लावलेलं होतं. पान दोनशे बारावर आजीचं मरण होतं: ताप, तीन दिवस, अराईतीची एकुलती एक मुलगी. गाण्याचं भाषांतर छापलेलं नव्हतं, त्याबद्दलची मतं मात्र पाच पानं होती. खाली टीप होती की तिसऱ्या कडव्यात शोक अनावर झाल्यानं गायकाला अकरा सेकंद थांबावं लागलं. ह्या थांबण्यावर शिकवणाऱ्या बाईंनी एक सबंध तास घेतला होता. बेटावरच्या माणसाचं मरणाशी असलेलं नातं त्या अकरा सेकंदांत कसं उलगडतं ते फळ्यावर काढून दाखवलं होतं. वाईआनानं हात वर करून सांगितलं होतं की ती मुलगी माझी आजी आहे आणि काल तिनं मला ओरडा दिला. बाई हसून म्हणाल्या होत्या, "तुमच्या लोकांत पूर्वज असे जवळ असतात, हेच मी सांगतेय."

भांडी घासताना वाईआना म्हणाली, "तुला ऐकायचंय ना, आजी?"

मोएरोआनं ताट विसळून तिच्या हातात दिलं. ऐकायचं होतं. एवढं साधं होतं ते, की लाज वाटत होती. मुलगा मोठे स्पीकर आणील, सगळी आळी येईल, खुर्च्या मांडतील, बाबा गाईल, लोक नाकं पुसतील, आणि ती मध्यभागी उताणी पडलेली असेल, कान असून नसल्यासारखी. म्हणजे पुन्हा तेच. त्या वेळी निदान आईचे हात उबदार होते. आणि आत्ता ऐकलं तर? येलेमियाचं खरं असेल, ऐकल्यावर इथं राहायचं कारण उरत नसेल. तिनं आपल्याजवळ कारणं किती उरलीत ते मनातल्या मनात पाहिलं: ही पोरगी, मागच्या दारचे तारोचे वाफे, सोलोमोनाचं रक्तदाबाचं औषध त्याला आठवून देणं. थोडी होती, पण सोडवत नव्हती. आणि गाणं एकदाच वापरायचं असतं. आपणच ते पुरतं वापरून टाकलं तर मागच्यांनी कशावर रडायचं? भजनांवर?

"मंगळवारी सुट्टी आहे का तुला?" तिनं विचारलं.

विद्यापीठातली खोली लहान होती आणि तिला खिडकी नव्हती. फिलिपा फोनवर वाटली होती त्याहून तरुण निघाली. तिनं एक अर्ज पुढं केला. त्यात मयताशी नातं, अशी एक चौकट होती. वाईआनानं तिथं 'स्वतः' असं लिहिलं. फिलिपानं ते वाचलं, पेन उचललं, परत ठेवलं. "चालेल," ती म्हणाली, "पण वर कुणीतरी मला विचारील."

"विचारलं तर माझ्याकडं पाठव," मोएरोआ म्हणाली.

कानांवर ठेवायचे ते दोन काळे, मऊ गोळे फिलिपानं तिच्या डोक्यावर बसवले, आणि एक क्षण तोच समुद्र आला. मोएरोआनं खुर्चीचे दांडे धरले. मग समुद्राच्या आत एक कोंबडा आरवला. तो कोंबडा कुणाचा हे तिला चक्क कळलं. पाद्र्याचा होता, वेळीअवेळी ओरडायचा. यंत्राची घरघर. बायकांचं बसतानाचं कण्हणं. कुणीतरी खोकलं. आणि मग बाबा.

तिला वाटलं काहीतरी चुकलंय. आवाज पोरसवदा होता. ती सदुसष्ट वर्षं एका मोठ्या माणसाच्या आवाजाची वाट पाहत होती, आणि हा तर तिच्या सोलोमोनाहूनही लहान कुणी, गळ्यातला खर्ज अजून पुरता न बसलेला. मग हिशेब लागला. बाबा तेव्हा एकतीस वर्षांचा होता. एवढ्याशा पोरानं दोन दिवस होडीच्या सावलीत बसून स्वतःच्या पोरीचं मरण रचलं होतं, पाहुण्याला नाही म्हणू नये म्हणून. मोएरोआला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, नातवाला घेतात तसं.

शब्द ओळखीचे व्हायला वेळ लागला. ताप नव्हता गाण्यात, मरणही नव्हतं. होडी होती. पुढच्या फळीवर बस, तो गात होता, तिथं तुझ्यासाठी जागा पुसून ठेवलीय. पाय आत घे, पाणी गार आहे. बघ, हा तुझ्या आजाचा खडक, ह्याला नमस्कार कर. हे पांढरं वाळूचं बेट, इथं मी तुझ्याएवढा असताना पडलो. मासे खाली गेले तर जाऊ देत, आज मासे नकोत. दुसरं कडवं सबंध खाडीचं होतं, कुठं पाणी निळं, कुठं हिरवं. काठावर उभी राहून तिनं जे नखाएवढं पाहिलं होतं ते तो आता तिला जवळून दाखवत होता, घाई न करता, वल्ह्याच्या तालावर. तिसऱ्या कडव्यात खिंड आली. इथं पाणी बाहेर ओढतं, बाबा गात होता, इथं घट्ट धर, ह्याच्या पुढं मोठा समुद्र आहे, पुढं मी तुला—

आणि थांबला. यंत्राची घरघर तेवढी राहिली. पान दोनशे बारा, खालची टीप. चटईची काडी करकरल्याचा आवाज आला, बारीक, कुणीतरी पाय हलवल्यासारखा. मग अगदी हळू, गाण्याच्या बाहेरच्या, घरातल्या आवाजात, संध्याकाळी पाणी मागायच्या आवाजात अराईती म्हणाला, "हलू नकोस, बाळा. माशी आहे नुसती. जाईल."

मोएरोआनं हात वर केला. फिलिपानं यंत्र थांबवलं.

"अजून बरंच आहे," फिलिपा म्हणाली. "अर्ध्याहून जास्त."

"माहितीये." तिचा आवाज तिला लांबून आला. "ते आता नको. खिंडीपर्यंतच न्यायला सांगितलं होतं मी त्याला. पुढचं मागच्यांना राहू दे. पोराला स्पीकर आणायचेत."

वाईआना काहीतरी विचारत होती. फिलिपा उठून पाण्याचा पेला घेऊन आली, तो कुणी घेईना म्हणून टेबलावर ठेवला, आणि वाईआनाला हलक्या आवाजात म्हणाली, "होतं असं. पुष्कळांना आवरत नाही. बसू दे त्यांना." मग तिनं अर्जाच्या खालच्या रिकाम्या जागेत तारीख घातली आणि एक ओळ लिहिली: शोक अनावर झाल्यानं ऐकणं थांबवावं लागलं. मोएरोआ खुर्चीत ताठ बसून राहिली, कानांवरचे काळे गोळे न काढता, हात मांडीवर, पाय आत घेतलेले. उजव्या गुडघ्याला काहीतरी हुळहुळत होतं. तिनं ते झटकलं नाही.